सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा छंद: जुन्याला हात लावू नका, नव्याला मनसोक्त लावा

गेल्या कोजागरीला मंडळाच्या कार्यक्रमात पुण्याहून डॅलसला नुकताच आलेला एक मुलगा मसाला दुधाचा पेला घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "काका, मलाही तुमच्यासारखं एक जुनं कोल्ट रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. घेऊन मस्त चकाचक करायचं, नव्या मुठी बसवायच्या." एवढ्याशा बोलण्यात त्याच्या तीन चुका झाल्या. एक चूक कायद्याची होती, तिच्याकडे पुढे येतो. दुसरी 'जुनं' या शब्दात आणि तिसरी 'चकाचक' या शब्दात. खरं तर शेवटच्या दोन्ही मिळून एकच चूक आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख.

संग्रह करणं आणि रिव्हॉल्व्हर स्वतःच्या आवडीप्रमाणे सजवणं हे दोन वेगळे छंद आहेत. दोन्ही जरूर करा, पण एकाच रिव्हॉल्व्हरवर कधीच नको.

आधी शब्द नीट करून घेऊ

मराठीत आपण 'घोडा दाबला' असं सर्रास म्हणतो. या छंदात तसं चालत नाही. बोटाने ओढायचा तो चाप. मागे अंगठ्याने ओढायचा आणि काडतुसावर आपटणारा तो घोडा. सिंगल ॲक्शन म्हणजे चाप एकच काम करतो, ताणलेला घोडा सोडून देतो. घोडा ताणायचं काम दर वेळी तुमच्या अंगठ्याचं. घोडा मागे येतो तशी सहा घरांची नळकांडी, म्हणजे सिलिंडर, एका घराने पुढे सरकते आणि एक छोटा खटका तिला खालून जागच्या जागी पकडतो. काडतुसं भरायला उजव्या बाजूला एक झडप असते, तिला इथे लोडिंग गेट म्हणतात. एकेक काडतूस तिथून आत जातं आणि एकेक रिकामं टोपण नळीखालच्या दांडीने ढकलून बाहेर काढायचं. कटकटीचं काम आहे, आणि या छंदातले लोक त्या कटकटीच्याच प्रेमात असतात.

या साऱ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी. अमेरिकी लष्कराने घेतलेलं, .४५ कोल्ट काडतुसाचं (हा आकडा म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचात). घोडा हळूहळू ओढलात तर चार वेळा 'टक' वाजतं, आणि इथले म्हातारे सांगतात की ते रिव्हॉल्व्हर आपलं नाव उच्चारतं: सी, ओ, एल, टी. पहिला आवाज सुरक्षेच्या खाचेचा, दुसरा अर्ध्या घोड्याचा, तिसरा खटका सुटल्याचा, चौथा पूर्ण घोड्याचा. पहिल्यांदा एखादं चांगलं कोल्ट हातात आलं तर बाकी काही बघू नका, आधी हे चार आवाज ऐका. ते मोकळे, वेगवेगळे आणि कोरडे यायला हवेत. तबल्याचे बोल जसे एकमेकांत मिसळले की कळतं, तसंच इथेही कळतं.

पायरी शून्य: तुमचा व्हिसा कोणता?

आता त्या मुलाची पहिली चूक. तो एच-वन-बीवर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी, एफ-वन यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळातच मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यांसारखे काही अपवाद कायद्यात आहेत, पण ते स्वतःच्या भरवशावर वापरू नका. इमिग्रेशन वकिलाला पैसे द्या, लेखी सल्ला घ्या. 'बाळगणं' यात रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणंही येऊ शकतं, आणि आपली निम्मी मुलं पहिल्याच उन्हाळ्यात मित्रांबरोबर हौसेने रेंजवर जातात. ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही.

आणि एक: "तुझं ग्रीन कार्ड आहे ना, मग तुझ्या नावावर घे, मी पैसे देतो" हा मार्ग थेट तुरुंगाकडे जातो. दुकानात तुम्ही ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरता, त्यात खरा खरेदीदार कोण हे विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. दोघंही अडकता.

दुकानातून रिव्हॉल्व्हर घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. दुसऱ्या राज्यातलं रिव्हॉल्व्हर ऑनलाइन लिलावात जिंकलात तर ते तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे येतं आणि तिथून, तपासणी होऊन, तुमच्या हातात. याखेरीज प्रत्येक राज्याचे आपले नियम. टेक्सासात एक वागणूक, न्यू जर्सीत अगदी दुसरी. आपल्या राज्याचं बघा, मेहुण्याच्या राज्याचं नको.

संग्राहकांसाठी एक खास परवाना आहे, तीन क्रमांकाचा, 'क्युरिओ अँड रेलिक' नावाचा. तीन वर्षांचे ३० डॉलर. पन्नास वर्षांहून जुनी शस्त्रं त्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतात, मात्र नोंदवही ठेवावी लागते. इथली मेख लक्षात घ्या. ती वस्तू मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणजे बदल केलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचं नुसतं मोलच उतरतं असं नाही, त्याचा कायद्यातला दर्जाही जाऊ शकतो. १८९८ पर्यंत बनलेली तर केंद्रीय कायद्यात 'अँटिक' या वेगळ्याच खात्यात जातात. त्या खात्याबद्दलही राज्याराज्यांत मतभेद आहेत.

पहिलं रिव्हॉल्व्हर: दुधाची तहान ताकावर भागवा

इथे म्हण उलटी वापरतोय, सल्ला म्हणून. कोल्टने सुरुवात करू नका.

सुरुवात .२२ ने करा. हेरिटेज कंपनीचं रफ रायडर दोनशे डॉलरच्या आतबाहेर मिळतं, रुगरचं रँग्लर (२०१९ पासून) त्याच्या थोडं वर. काडतूस स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, आणि मुठी बदलायची पहिली हौस भागवायला उत्तम. बिघडलं तरी जीव जळत नाही. रफ रायडरच्या घोड्याशेजारी एक सुरक्षेची कळ असते, जाणत्यांच्या डोळ्यांत ती खुपते. खुपू द्या, काढायची नाही.

दुसरं रिव्हॉल्व्हर घेताना दोन वाटा फुटतात. पहिली इटलीची. गार्डोने व्हाल त्रोम्पिया या डोंगरी गावाचा धंदाच शस्त्रांचा. तिथली उबेर्ती कंपनी १९५९ पासून जुन्या अमेरिकन नमुन्यांच्या प्रतिकृती बनवते. तिचं 'कॅटलमन' हे हुबेहूब कोल्टच्या अंगकाठीचं. पिएता ही त्याच भागातली दुसरी कंपनी. पाचशे-सातशे डॉलरमध्ये काम होतं. दुसरी वाट रुगरची. १९५३ मध्ये बिल रुगरने सिंगल-सिक्स आणलं, १९५५ मध्ये ब्लॅकहॉक. दिसायला कोल्टचे भाऊबंद, पण आत कोल्टच्या पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा. त्या सहसा मोडत नाहीत. १९७३ पासूनच्या 'न्यू मॉडेल' रुगरमध्ये ट्रान्सफर बार आला, म्हणजे घोडा आणि काडतूस पेटवणारी पिन यांच्यामधली एक पट्टी. चाप ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनेपर्यंत पोहोचूच शकत नाही.

हा फरक जिवाचा आहे, म्हणून थांबतो. कोल्ट आणि त्याच्या पारंपरिक प्रतिकृतींमध्ये घोडा खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसावर असतं. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, घोड्यावर आपटलं, की गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं. एक भरा, एक घर सोडा, चार भरा, मग नळी सुरक्षित दिशेला धरून घोडा पूर्ण मागे आणि अंगठ्याने सावकाश खाली, रिकाम्या घरावर. 'एक, सोड, चार' हे आमच्या रेंजवर नवख्यांकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतात. १९७३ आधीच्या रुगरलाही हाच नियम. त्या जुन्या रुगरमध्ये कंपनी फुकटात सुरक्षेचा बदल करून देते आणि काढलेले मूळ भाग परत पाठवते. ते भाग पिशवीसकट जपून ठेवा. पुढे विकताना गिऱ्हाईक आधी तीच पिशवी मागतं.

काडतुसांबद्दल एकच सांगतो. .४५ कोल्टची काही जबर ताकदीची काडतुसं 'फक्त रुगरसाठी' म्हणून मिळतात. ती उबेर्तीत किंवा कोल्टमध्ये मापाने बसतात. बसतात हाच धोका आहे.

टेबलावर ठेवलेलं रिव्हॉल्व्हर कसं बघायचं

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात वर्षातून दोनदा मोठं शस्त्र-प्रदर्शन भरतं, वॅननमाकर घराण्याचं. चार हजारांहून जास्त टेबलं. पहिल्यांदा जाल तर पैसे घरी ठेवून जा, हे मी गंभीरपणे सांगतोय. पंढरीच्या वारीत पहिल्या वर्षी नुसतं चालायचं असतं, तसं. तिथून अर्ध्या-पाऊण तासावर क्लेअरमोरला जे. एम. डेव्हिस यांचं शस्त्रसंग्रहालय आहे, आदल्या दिवशी तिथे जा. काचेमागची खरी, हात न लागलेली कोल्टं तासभर बघितलीत की दुसऱ्या दिवशी टेबलावरची रंगरंगोटी आपोआप ओळखू येते.

हात लावण्याआधी विचारायचं. घेतल्यावर पहिलं काम लोडिंग गेट उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघायचं, दुकानदाराने "रिकामं आहे" म्हटलं असलं तरी. मग घोडा ओढायचा का हेही विचारायचं. काहींना आवडत नाही.

परवानगी मिळाली तर घोडा सावकाश ओढा. घोडा पूर्ण मागे पोहोचतो त्याच क्षणी खटका बसायला हवा. घोडा ताणून झाला तरी सिलिंडर बोटाने अजून थोडं सरकत असेल तर वेळ चुकलीय. ताणलेल्या घोड्यावर अंगठ्याने मागून बेताने दाब द्या. चाप न ओढता तो खाली गेला तर आतली खाच कोणीतरी घासलीय. नमस्कार करा आणि पुढच्या टेबलाकडे जा. सिलिंडर पुढेमागे हलवून बघा. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट पातळ पट्ट्यांच्या गेजने मोजतात. इंचाच्या चार ते आठ सहस्रांश असेल तर ठीक.

मग स्क्रू. माझ्या मते सगळ्यात जास्त स्क्रूच बोलतात. खाचा फाटलेल्या, कडा उचललेल्या दिसल्या की समजा कोणीतरी घरचा पेचकस घेऊन आत शिरलं होतं. आत काय करून ठेवलंय ते देव जाणे.

सिलिंडरभोवती एक चमकती रेघ ओरखड्यासारखी दिसते. ही बहुधा अर्ध्या घोड्यावरून घोडा तसाच खाली सोडल्यामुळे पडते. तसं केलं की खटका चुकीच्या जागी बसतो आणि सिलिंडर फिरताना त्यावर घासत जातो. कोल्टच्या जातीत नियम असा की अर्ध्यावरून परत यायचं नाही. घोडा आधी पूर्ण मागे न्यायचा, मगच खाली आणायचा. जत्रेत एखाद्याच्या कोल्टचा घोडा अर्ध्यावरून खाली सोडलात तर टेबलामागचा म्हातारा काही बोलणार नाही, पण रिव्हॉल्व्हर तुमच्या हातातून काढून घेईल.

जुनं कोल्ट: बघा, जपा, गप्प बसा

पहिल्या पिढीची कोल्टं १८७३ ते १९४० ची, क्रमांक ३,५७,८५९ पर्यंत. मग पंधरासोळा वर्षं उत्पादनच नव्हतं. टीव्हीवर काऊबॉयच्या मालिका आल्या, मागणी उसळली आणि १९५६ मध्ये दुसरी पिढी निघाली, ती १९७४ पर्यंत. तिसरी १९७६ पासून. नळीच्या तीन ठरलेल्या लांब्या: साडेसात इंच घोडदळाची, साडेपाच तोफखान्याची, पावणेपाच नागरी.

पहिल्या पिढीत एक खूण नवख्यालाही ओळखता येते. सिलिंडरच्या आसाची दांडी ज्याने अडकवलेली असते तो स्क्रू सांगाड्याच्या पुढच्या तोंडावर असेल तर तो काळ्या दारूच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या, काळातला सांगाडा. आडवं, स्प्रिंगवर दाबायचं बटण असेल तर नंतरचा. धुररहित दारूसाठी कोल्टने हमी दिली ती १९०० मध्ये, साधारण १,९२,००० क्रमांकापासून पुढे. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आजचं दुकानातलं काडतूस घालू नका. असं रिव्हॉल्व्हर भिंतीवर शोभतं.

क्रमांक हा संग्राहकाचा सातबारा. सांगाडा, चापाची कमान आणि मुठीची पाठपट्टी या तिन्हींवर तो जुळायला हवा. आता गंमत अशी, की साडेपाच इंची तोफखान्याच्या नमुन्यात क्रमांक न जुळणं हेच खरेपणाचं लक्षण असू शकतं. १८९५ पासून लष्कराने घोडदळाची लांब नळीची कोल्टं गोळा करून आखूड करवली, तेव्हा सुटे भाग एकमेकांत मिसळले, आणि कोणी त्यांची जोडणी लावत बसलं नाही. त्यामुळे 'सगळे क्रमांक जुळतात' म्हणून जादा पैसे मागणारा तोफखान्याचा नमुना समोर आला तर मला आनंदापेक्षा शंका जास्त येते.

शंका फेडायला कोल्टच्या दप्तरातून पत्र मागवता येतं. शुल्क भरायचं, क्रमांक कळवायचा. ते रिव्हॉल्व्हर कारखान्यातून कधी निघालं, कोणत्या व्यापाऱ्याकडे गेलं, नळी किती, रंग कोणता, मुठी कशाच्या, हे जुन्या वह्यांमधून बघून कळवतात. पत्रात 'निळं' आणि हातात निकेलचं झळझळीत, असं असेल तर कुणीतरी नंतर मुलामा चढवलाय. मोठी रक्कम मोजण्याआधी पत्र, नंतर नाही.

आता माझी कथा. एका छोट्या गावात घरातल्या वस्तूंच्या विक्रीत मला बिस्ली मिळालं. बिस्ली म्हणजे इंग्लंडमधल्या बिस्ली रेंजच्या नावाने कोल्टने १८९४ पासून काढलेला नेमबाजीचा नमुना, खाली वळलेली मूठ आणि रुंद घोडा असलेला. .३८-४० काडतुसाचं, १४०० डॉलर. वरची सगळी निळाई, म्हणजे पोलादाला दिलेला निळसर-काळा रंग, जाऊन त्यावर पिकल्या चिकूच्या सालीसारखा तपकिरी थर बसलेला. मला वाटलं, गंज. शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये बसलो, बारीक स्टीलवूल आणि तेल घेतलं, आणि दोन तासांत ते नव्या चमच्यासारखं पांढरं केलं. बायको म्हणाली, "अरे, किती छान दिसतंय!" मीही खूश. पुढच्या टल्साला एका जाणत्याला दाखवलं. त्याने भिंग लावलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि आठशे म्हणाला. तो तपकिरी थर शंभर वर्षांचा होता, आणि किंमत त्याचीच होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

जुन्यावर फक्त एवढंच करायचं: मऊ सुती फडक्याने तेलाचा पातळ हात, नळी आतून स्वच्छ, खारट हाताचे ठसे पुसलेले. चामड्याच्या होल्स्टरमध्ये कायमचं ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं आणि धातू खातं. सांगाड्यावरचे निळे-जांभळे ढग, म्हणजे केस हार्डनिंगचे (धातूचा वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेचे) रंग, उन्हाने उडतात. खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात मांडणार असाल तर त्यापेक्षा ते विकून टाका.

नवं रिव्हॉल्व्हर: आता करा काय ते

उबेर्ती किंवा रुगरवर मात्र हात साफ करून घ्यायला हरकत नाही. सामान फार लागत नाही. आतून पोकळ घासलेल्या सपाट टोकांचे गनस्मिथ (बंदुकांचे कारागीर) वापरतात ते पेचकस घ्या. साधा पेचकस पाचरीसारखा निमुळता असतो, तो खाचेतून वर निसटतो आणि खाच फाडतो. पितळी पंच, भिंग, आणि स्क्रू ठेवायला स्टीलचं ताट. आमच्याकडे लग्नात आलेली बारा ताटं आहेत, त्यातलं एक आता गॅरेजमध्ये असतं आणि त्यावर आमच्यात एकमत नाही. प्रत्येक स्क्रू काढला की मोबाइलवर फोटो. उजवीडावीकडचे स्क्रू सारखे दिसतात, पण सारखे असतातच असं नाही.

सुरुवात मुठीपासून. दोन फाकांची, मध्ये स्क्रू असलेली मूठ दोन मिनिटांत निघते. एकसंध लाकडी मूठ मात्र पाठपट्टी आणि कमान यांच्यामध्ये सरकवलेली असते, ती काढायला पाठपट्टीचे स्क्रू सोडवावे लागतात. विकत घेताना नमुना नीट बघा: १९९३ च्या जुन्या व्हकेरोची मूठ २००५ च्या न्यू व्हकेरोला बसत नाही, नावं सारखी असली तरी.

मुठीसाठी हस्तिदंत विसरा. २०१६ पासून अमेरिकेत आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल पॅटनच्या कोल्टला हस्तिदंती मुठी होत्या म्हणून अजूनही लोक विचारतात. त्यांना पिवळसर मायकार्टा हे राळेचं कृत्रिम साहित्य दाखवा, दोन हातांवरून कळतही नाही. आणि जुन्या मुठींमध्ये ज्याला इथे 'इंडियन स्टॅग' म्हणून चढा भाव येतो ते आपल्या जंगलातलं सांबरशिंग. भारताने त्याची निर्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबवली, त्यानंतर जुना साठा सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. गावच्या वाड्यात माडीवर लटकलेली शिंगं आठवून कोणाच्या डोक्यात काही येत असेल, तर १९७२ चा वन्यजीव कायदा आठवा आणि शिंगं तिथेच राहू द्या.

मी माझ्या उबेर्तीसाठी पोळपाट वापरला. शिसवी होता, आईने दिलेला, मधोमध तडकलेला. टाकवत नव्हता आणि वापरता येत नव्हता. तडीच्या दोन्ही बाजूंनी बोटभर लांबीच्या चार फाका निघाल्या, दोन वापरायच्या, दोन चुकायच्या. जुनी फाक लाकडावर ठेवून पेन्सिलने आखलं, रेघेबाहेर एक गव्हाचा दाणा जागा सोडून कापलं. मग खरा वेळ जातो तो आतली बाजू बसवण्यात. इथले लोक त्यासाठी विशिष्ट काळा रंग विकत घेतात. मी काजळाची डबी घेतली. धातूच्या कडांना काजळाचं पुसट बोट, फाक दाबून बसवायची, काढायची. जिथे काळं उमटलं तिथे उंचवटा, तेवढंच कानशीने घासायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब. चाळीसेक वेळा. सगळीकडे एकसारखा काळा पुसटपणा आला की फाक बसली. बाहेरच्या कडा धातूच्या बरोबरीला आणताना धातूवर चिकटपट्टीचे दोन थर लावा, नाहीतर पॉलिश पेपरचा एकच फटका निळाई घेऊन जातो. आणि तोंडाला मास्क, शिसवाचा भुसा अनेकांना बाधतो.

शेवटी मी गणपती करायला गेलो आणि मारुती झाला. जवसाचं तेल लावलं, चार दिवसांनी बघतो तर चिकट. आठ दिवसांनीही चिकट. शिसवाच्या अंगच्या तेलामुळे वरचं तेल वाळतच नाही हे मला तेव्हा कळलं. अक्रोडाला जवसाचं तेल छान लागतं, शिसवाला नाही. सगळं ॲसिटोनने पुसून काढलं आणि लाखेचं पॉलिश केलं, आपल्याकडे सुतार जुन्या कपाटांना करतात तेच, सुती बोळ्याने, पातळ पातळ हात देत. वर मेण. लाकडाचा तो जांभळट काळा रंग असा वर आला की आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "पोळपाट होता तेव्हाच बरा होता." लाखेचं पॉलिश नळी साफ करायच्या द्रावणाने उतरतं, म्हणून साफसफाईआधी मूठ काढून ठेवतो. आणि जवसाच्या तेलाचे बोळे कधीही चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून, मोकळ्या हवेत वाळवा.

मुठीनंतर स्प्रिंगा. मुख्य स्प्रिंग थोडी हलकी टाकली की घोडा लोण्यासारखा येतो. अति हलकी टाकली की पिन काडतुसावर हळू आपटते आणि पाचातली एक गोळी उडतच नाही. तयार संच मिळतात, मधला घ्या.

घोड्याची खाच आणि चापाचं टोक मात्र घरी घासायचं नाही. यूट्यूबवर कितीही सोपं दिसू दे. त्या पृष्ठभागावरचं कडकपण पातळ असतं, ते गेलं की आज हलका वाटणारा चाप सहा महिन्यांनी आपणहून सुटतो. हे काम परवानाधारक गनस्मिथचं, आणि त्याच्याकडे पाठवायची सोय जवळच्या दुकानदारामार्फत होते.

पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, घासणं मात्र जमण्यासारखं आहे. स्थिर माशीचं रिव्हॉल्व्हर खाली मारत असेल तर माशी कमी केली की मार वर येतो. ज्या काडतुसांवर कायम राहणार तीच घेऊन रेंजवर जा, दोन-तीन हलके हात, पुन्हा पाच गोळ्या. थोडं खाली मारतंय तोवर थांबा, उरलेलं पुढच्या खेपेला. घासलेली माशी वाढत नाही.

रंग, कोरीवकाम, हाडांच्या कोळशातलं खरं केस हार्डनिंग, ही कारागिरांची कामं, महिनोन्महिने रांग आणि रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त पैसे. कुणालाही देताना एक सांगा, आणि स्वतःही पाळा: क्रमांकावर पॉलिशचं चाक फिरायला नको. क्रमांक पुसट करणं हा गुन्हा आहे. तसंच, दोनचार मित्रांची रिव्हॉल्व्हरं पैसे घेऊन सजवायला लागलात की तो धंदा झाला, त्याला परवाना लागतो.

बाकीचं थोडक्यात

घरात मुलं असतील तर पहिल्या रिव्हॉल्व्हरआधी तिजोरी. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तिजोरी घेतलीच असती. काडतुसं वेगळ्या कुलपात. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुवायचे, मगच वरणभात; शिसं हाताला लागलेलं असतं.

एकट्याने कंटाळाल तर काऊबॉय नेमबाजीचे क्लब आहेत. त्यांची मोठी संघटना सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, १९८७ ची. दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन, जुन्या काळचे कपडे, आणि प्रत्येकाला नोंदवलेलं टोपणनाव हवंच. माझं 'मुळशी किड'. उच्चार कोणालाच जमत नाही, पण तिथे मागची चार वर्षं मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही.

आणि भारत. रिव्हॉल्व्हर पुण्याला नेऊन भावाला दाखवण्याचा विचार मनातही आणू नका. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना असलेल्या सामान्य माणसालाही दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि काही बोअरची, म्हणजे नळीच्या काही मापांची, शस्त्रं तिथे नागरिकांसाठी निषिद्धच आहेत. पण खरी भीती त्याची नाही. भीती एका सुट्या काडतुसाची आहे. रेंजला नेलेली पाठपिशवी सुट्टीत सामान भरायला घेतली जाते, तिच्या आतल्या कप्प्यात एक .२२ राहिलेलं असतं, इथे कुणाच्या नजरेला पडत नाही आणि परत येताना मुंबईच्या एक्स-रेत दिसतं. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, पोलीस ठाणं, वकील, चुकलेलं विमान. म्हणून माझी रेंजची पिशवी लाल आहे, गॅरेजमध्ये वेगळ्या खिळ्याला टांगलेली असते, आणि ती जिना चढून घरात कधीच येत नाही.